फेरेटचे मागचे पाय ओढत असतील तर आधी रक्तातली साखर तपासा

ताई, तुमचा साडेचार वर्षांचा नर फेरेट (मुंगसासारखा दिसणारा हा लांबट पाळीव प्राणी) झोपेतून उठला की मागचे पाय फरफटवतो आणि खाल्ल्यावर पुन्हा धावतो, हे वाचून आमचा फेरेट गुंड्याच आठवला. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हा फक्त अनुभव समजा.

फेरेटचे मागचे पाय लुळे पडले म्हणजे दुखणं पायातच आहे असं नाही. हृदय कमजोर असो, रक्त कमी झालेलं असो, आतड्यात रबराचा तुकडा अडकलेला असो, अशक्तपणा आधी मागच्या पायांतच दिसतो. मणक्याची दुखापत आणि अल्युशियन नावाच्या विषाणूचा आजार हीही कारणं असतात. पण तीन वर्षांपुढचा फेरेट, पायांतला अशक्तपणा येऊन-जाऊन, मधेच शून्यात बघणं, लाळ, तोंडावर पंजे मारणं, असं असेल तर माझा पहिला संशय इन्सुलिनोमावर. स्वादुपिंडातली ही गाठ इन्सुलिन सोडत राहते आणि साखर कोसळते.

इथे न्यू जर्सीत आम्ही आधी गेलो ते कुत्र्यामांजरांचं क्लिनिक. मणक्याचे एक्स-रे काढले, "वय झालंय" म्हणाले आणि पिंजऱ्यात विश्रांती व मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक देऊन घरी पाठवलं. साखर तपासा म्हटलं तर "त्याची गरज नाही". एक थेंब रक्ताचं काम हो! एक्स-रेचं बिल मात्र बिनचूक लावलं. पुढे एक्झॉटिक्सवाल्या (कुत्र्यामांजरांपलीकडचे पाळीव प्राणी बघणाऱ्या) डॉक्टरांनी इन्सुलिनोमाच सांगितला, पण त्यावरचं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लगेच सुरू करता येईना. मेलॉक्सिकॅम अंगात असताना स्टेरॉइड दिलं तर पोटात अल्सर होऊ शकतो, म्हणून थांबावं लागलं. तेवढ्यात गुंड्याला आकडीचा झटका आला. त्या क्लिनिकवरचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून निदान होईपर्यंत फेरेटला वेदनाशामक देऊ नका, असं माझं ठाम मत. अर्थात पडल्याचं, लागल्याचं नक्की माहीत असेल तर गोष्ट वेगळी. तीन-चार तास उपाशी ठेवून साखर बघतात, पण ते क्लिनिकमध्येच, डोळ्यांसमोर. ती दर डेसिलिटरला ६० मिलिग्रॅमच्या खाली आली तर संशय पक्का. माणसांचं ग्लुकोमीटर फेरेटमध्ये आकडा कमी दाखवतं, तेव्हा प्रयोगशाळेतूनही खात्री करून घ्या.

एकदम कोसळला तर हिरड्यांना थोडा मध चोळा. झटका चालू असताना तोंडात काही ओतू नका, बोटही घालू नका. शुद्धीवर आला की लगेच मांसाचं खाणं द्या आणि दवाखाना गाठा. एरवी मध, मनुका, गोड खाऊ पूर्ण बंद. त्याने इन्सुलिन उसळतं आणि साखर आणखी खाली जाते. दोन्ही पाय अचानक गेले किंवा लघवी अडली तर मात्र हे उत्तर वाचत बसू नका, आत्ताच निघा.

आणि हो, फोन करताना "फेरेट रोज बघता का?" हे आधी विचारा. "बघतो कधीकधी" असं उत्तर आलं तर दुसरा नंबर लावा.