नऊपैकी सहा खोल्या कंपनीला राखून देण्यापूर्वी

मुंबईत मरोळला आपले नऊ खोल्यांचे गेस्ट हाउस आहे, एका कंपनीने त्यातील सहा खोल्या आठवड्याच्या कामाच्या दिवसांसाठी राखून मागितल्या आहेत, आणि तसे झाल्यास सुट्टीसाठी येणारी कुटुंबे सोडून द्यावीत का, हा आपला प्रश्न वाचला. २०२२ साली चकाल्यातील माझ्या चौदा खोल्यांबाबत मी हाच विचार करत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कामानिमित्त येणारा पाहुणा एकटा राहतो, आयत्या वेळी येतो आणि दरावर घासाघीस करत नाही, हे आपणांस ठाऊक असेलच. मात्र तो घासाघीस करत नाही याचे कारण एवढेच की पैसे त्याच्या खिशातून जात नाहीत. घासाघीस करणारा माणूस कंपनीच्या हिशेब विभागात बसलेला असतो; तो आपल्या खोलीत कधी झोपत नाही आणि आपल्याला कधी दिसतही नाही. सुट्टीच्या पाहुण्याच्या बाबतीत झोपणारा आणि पैसे देणारा माणूस एकच असतो, आणि माझ्या मते लहान व्यवसायाला हा फरक खोलीच्या दरापेक्षाही महत्त्वाचा आहे.

माझी चूक दर कमी केल्याची नव्हती. मी एका कंपनीशी केलेल्या करारात दहा खोल्या राखून ठेवाव्यात असे लिहिले होते, परंतु त्या रिकाम्या राहिल्या तर भाडे कोणी द्यायचे, याबद्दल एक अक्षरही नव्हते आणि मीही ते विचारले नाही. डिसेंबरमध्ये चार आठवडे, सोमवार ते गुरुवार, म्हणजे खोल्या आणि रात्री यांचा गुणाकार केला तर १६० रात्री मी अडवून धरल्या. त्यांपैकी वापरल्या गेल्या ९४ आणि बिल झाले तेवढ्याचेच. नाताळनंतरच्या आठवड्यात तर त्यांचा एकही माणूस आला नाही. दुबईहून येणारे एक कुटुंब तीन खोल्यांचे नऊ रात्रींचे पैसे आगाऊ भरायला तयार होते, त्यांना मी नोव्हेंबरातच जागा नसल्याचे कळवून बसलो होतो. २७ डिसेंबरच्या सकाळी त्या दहाही किल्ल्या फळीवर तशाच लटकत होत्या, आणि स्वयंपाकघरात दहा जणांच्या पोह्यांसाठी चिरलेला कांदा तसाच पडून होता.

पुढचा त्रास त्यांच्या हिशेब कार्यालयाचा. बिल पहिल्यांदा परत आले ते पाहुण्याचे नाव त्याच्या ओळखपत्रातील नावाशी अक्षरशः जुळत नाही म्हणून, आणि दुसऱ्यांदा मागणीपत्राचा क्रमांक नाही म्हणून, जो त्यांनी मला कधी दिलाच नव्हता. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितले की कंपनी बंगळुरूची असल्यामुळे आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधील व्यवहारावरचा जीएसटी, लावा. वस्तुतः २०१७ च्या आयजीएसटी कायद्याच्या कलम १२(३) प्रमाणे इमारत जिथे आहे तेच सेवेचे ठिकाण धरले जाते. त्यामुळे मुंबईतील खोलीवर केंद्राचा आणि महाराष्ट्राचाच कर लागतो, आणि महाराष्ट्रात नोंदणी नसलेल्या कंपनीला त्याची वजावट मिळत नाही. हे समजावण्यात माझे सहा आठवडे गेले. पैसे एप्रिलमध्ये आले. डिसेंबरच्या बिलांवरील कर मात्र मी २० जानेवारीलाच भरला होता आणि दोन महिन्यांचे पगार ओव्हरड्राफ्टमधून काढले होते.

आपली उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, नसेल तर ती आधी करून घ्यावी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि नसला तर १५ दिवसांत द्यावे लागतात; १ एप्रिल २०२४ पासून तर या मुदतीत पैसे न देणाऱ्या कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. मी सीए नाही, त्यामुळे आपल्या प्रकरणात हे कसे लागू होते ते जाणकाराकडून तपासून घ्यावे.

सुट्टीचे पाहुणे काही साधे नसतात. संकेतस्थळाचे कमिशन जाते, एका खोलीत चौघे राहतात, जादा गादी आणि गरम पाणी लागते, आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात हे रविवारीच सांगितले नाही तर राग आपल्यावर निघतो. परंतु किल्ली हातात घेण्यापूर्वी ते पैसे देतात. शिवाय अमेरिकी व्हिसासाठी वांद्रे-कुर्ला संकुलात येणारी नाशिक-पुण्याकडची कुटुंबेही आहेत. ती सुट्टीवर नसतात आणि कामावरही नसतात, नेमकी आठवड्याच्या मधल्या दिवसांत येतात आणि रोख हिशेब करतात. त्यांचा आपण विचार केलेला दिसत नाही.

माझे मत विचाराल तर सहाऐवजी चारच खोल्या द्याव्यात, निदान तीन खोल्यांचे भाडे वापर असो वा नसो मिळेल असे लिहून घ्यावे, आणि ४८ तास आधी नावे न आल्यास खोली आपण विकू, हेही करारात घालावे. जो अधिकारी आपल्याशी गोड बोलत आहे त्याच्याकडून हिशेब विभागातील माणसाचे नाव आणि ईमेल मागून घ्यावा, आणि पहिला पाहुणा येण्याआधीच नमुन्याचे एक बिल त्या विभागाकडून मंजूर करून घ्यावे. मला हे एप्रिलमध्ये सुचले.