सल्ला विचारताना आधी आकडे द्या

"बाळ खूप रडतं, काय करू?" एवढंच विचारलंत तर दहाजणी दहा उपाय सांगतील आणि तुमचा गोंधळच वाढेल. बाळाचं वय आठवड्यांत सांगा. शेवटचं वजन, चोवीस तासांत किती वेळा दूध प्यायलं, किती लंगोट ओले झाले, त्रास कधीपासून आहे, हेही. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला ६ किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर 'दूध पुरत नाही' ही शंका बहुतेकदा फोल निघते. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर तेवढे आठवडे वजा करून वय मोजा. नाहीतर 'अजून पालथं पडत नाही' म्हणून उगाच जीव टांगणीला.

आलेल्या सल्ल्यांपैकी एका वेळी एकच, तीन-चार दिवस करून बघा. सगळं एकदम बदललं की फरक कशाने पडला ते कळत नाही. पहिले ६ महिने वरचं पाणी आणि वर्षाच्या आत मध मात्र कुणी कितीही प्रेमाने सांगितलं तरी नको. मधातून बॉट्युलिझम (जिवाणूंच्या विषाने होणारा गंभीर आजार) होऊ शकतो.

३ महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल, तर विचारत बसू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या.