सीवीड फवारलं तर रासायनिक खत बंद करता येतं का?

सरळ सांगतो, नाही. सीवीड म्हणजे समुद्री शेवाळाचा अर्क, ते खत नाहीये, टॉनिक आहे. बाटलीवरचं लेबल वाचा, नत्र जवळपास नसतंच, पालाश दिसतो पण तोही बऱ्याचदा शेवाळाचा अर्क काढताना जो पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात त्याच्यातून आलेला. म्हणजे पीक उपाशी आणि आपण त्याला टॉनिक पाजतोय असं व्हायचं.

मग फायदा कशाचा? तर तपकिरी शेवाळाच्या अर्कात अल्जिनेट, लॅमिनारिन, मॅनिटॉल, बीटेन असले पदार्थ असतात, अगदी थोडी सायटोकायनिनसारखी वाढीची संप्रेरकं पण, आणि त्यानं पांढरी मुळी जोर धरते, उन्हाचा-पाण्याचा ताण पीक जरा जास्त सोसतं. म्हणून फवारणी ताण यायच्या आधी करायची. झाड माना टाकून बसल्यावर फवारून काही उपयोग नाही, लोक नेमकं तेव्हाच फवारतात आणि मग म्हणतात बोगस आहे.

मी टोमॅटोत एक आड एक ओळ करून बघितलं. लावताना रोपांची मुळं द्रावणात बुडवली, नंतर दर 15 दिवसांनी लिटरला 2 मिली, सकाळी ऊन चढायच्या आत. महिन्याभरानं दोन्हीकडचं एकेक रोप उपटलं तर सीवीडवाल्याला मुळांचा झुपका चांगला भरलेला, दुसऱ्याला विरळ. मालात मात्र डोळ्याला दिसेल असा फरक नव्हता, खोटं कशाला बोलू. पण मधे मोटर बिघडून पाणी चुकलं ना, तेव्हा फवारलेल्या ओळी दुपारी तग धरून होत्या.

आणि माझ्यासारखी चूक करू नका. फवारणीची एक पाळी वाचवायची म्हणून मी एकाच पंपात सीवीड आणि कॅल्शियम नायट्रेट टाकलं, दहा मिनिटांत नोझल बंद! उघडलं तर जाळीवर साबुदाण्यासारखे बुळबुळीत गोळे. अल्जिनेटला कॅल्शियम मिळालं की त्याची जेली होते, हे नंतर कळलं 😅

घेताना कुठल्या शेवाळाचं आहे ते विचारा. अ‍ॅस्कोफायलम हे उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यावरचं तपकिरी शेवाळ, बहुतेक नैसर्गिकरीत्या वाढलेलं कापतात, खडकावर बुडखा ठेवून कापलं तरच परत फुटतं. कप्पाफायकस हे लाल शेवाळ उष्ण समुद्रात दोरीला बांधून वाढवतात, साधारण दीड महिन्यात काढणीला येतं, ना जमीन लागते ना गोडं पाणी. त्याचा ताजा रस पिकाला आणि चोथ्यातून कॅराजीनन, जे घट्टपणासाठी आइस्क्रीममध्ये जातं. शाश्वत शेती डोक्यात असेल तर मला हे जास्त पटतं.

खत कमी करायचंच असेल तर माती तपासून, शेणखत-कंपोस्ट वाढवून हळूहळू करा, सीवीड सोबत चालू द्या. फक्त दोन-तीन ओळींवर त्याच दिवशी नुसतं पाणी फवारा, नाहीतर फरक सीवीडचा की पावसाचा तेच कळणार नाही.