रांगेचा आकार मोजताना सुरुवातीला एवढे सांभाळा

एएमक्यूपी हा प्रोग्रामांमधील संदेशांच्या देवाणघेवाणीचा प्रोटोकॉल (ठरलेले नियम) आहे; त्यात ब्रोकर हा मध्यस्थ सर्व्हर संदेश रांगेत ठेवून घेणाऱ्याकडे पोचवतो. त्याच्या ०-९-१ आणि १.० या दोन्ही आवृत्त्यांवरून मोजलेल्या रांगेच्या आकाराचे आकडे एकाच आलेखावर मांडण्याचा तुमचा विचार योग्यच आहे. मात्र त्याआधी ‘रांगेचा आकार’ म्हणजे नेमके काय, हे एका वाक्यात लिहून ठेवा.

०-९-१ मध्ये रांग पॅसिव्ह डिक्लेअर केली (म्हणजे नवी न बनवता असलेल्या रांगेची फक्त चौकशी केली) की उत्तरात संदेशसंख्या मिळते, परंतु रॅबिटएमक्यू या ब्रोकरमध्ये ती केवळ वाटपासाठी तयार असलेल्या संदेशांची असते. समजा, रांगेत ५०० संदेश आहेत, एकाच कन्झ्युमरचा (संदेश घेणाऱ्या प्रोग्रामचा) प्रीफेच, म्हणजे पोच देण्याआधी हाती घेता येणाऱ्या संदेशांची मर्यादा, १०० आहे आणि त्याने अद्याप एकाचीही पोच दिलेली नाही; तेव्हा उत्तरात ४०० दिसतात, पण उरलेले १०० अजून ब्रोकरच्याच जबाबदारीवर असतात. नवशिक्यांची सर्वाधिक फसगत इथेच होते, म्हणून तयार आणि पोच न मिळालेले यांची बेरीज हाच आकार धरा.

१.० च्या मूळ मानकात रांगेची लांबी विचारण्याची सोयच नाही. फ्लो फ्रेममधील (संदेशांच्या प्रवाहाची स्थिती कळवणाऱ्या निरोपातील) ‘अव्हेलेबल’ हा आकडा त्या एका लिंकपुरता, म्हणजे प्रोग्राम आणि ब्रोकर यांच्यातील एका एकेरी जोडणीपुरता असतो. त्याला रांगेची लांबी समजू नका. दोन्हीकडचे मोजमाप ब्रोकरच्या व्यवस्थापन एपीआयवरूनच (ब्रोकरची स्थिती प्रोग्रामने विचारण्याच्या सोयीवरूनच) घ्या.

बाइटचा आलेख वेगळा ठेवा, कारण रॅबिटएमक्यू त्यात फक्त संदेशाचा मजकूर मोजतो, हेडर (मजकुरासोबत जोडलेली माहिती) नाहीत.

पहिली चाचणी कन्झ्युमर बंद ठेवून करा: दोन्ही आवृत्त्यांवरून प्रत्येकी १,००० संदेश वेगवेगळ्या रांगांत पाठवा आणि दोन्ही आकडे जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्लस्टर (एकत्र चालणारे अनेक ब्रोकर) आणि स्ट्रीम (वाचल्यावरही संदेश न पुसणारी रांग) यांचा विचार त्यानंतर करू.