‘सगळे’ म्हणजे नेमके कोण?

“एकाले देलं का सगळेच मांगतात, मॅडम.” कर्मचाऱ्यांना घरच्या जबाबदाऱ्यांसाठी वेळेची मुभा द्यावी का, या प्रश्नावर मालक आणि व्यवस्थापक यांच्याकडून हे वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत 64 माणसांचा कारखाना चालवणारे गृहस्थ मात्र झोप येत नाही म्हणून माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

झोपमोडीच्या मुळाशी एक राजीनामा होता. नागपुरात ऊन तापू लागले की शाळा सकाळच्या होतात. मूल दुपारी घरी येते, आईचे कार्यालय मात्र सहालाच सुटते. नऊ वर्षे हिशेब सांभाळणाऱ्या ताईंनी तेवढ्या महिन्यांपुरते दुपारनंतरचे काम घरून करू देण्याची विनंती केली होती. यांनी नकार दिला, आणि आठवड्याभरात राजीनामा टेबलावर आला.

पहिल्या दोन भेटी त्यांच्या रागातच गेल्या. तिसऱ्या भेटीत मी कोरा कागद पुढे ठेवला. “सगळे मागतील म्हणता ना, मग नावे लिहा.”

पाचव्या नावानंतर पेन थांबले. बराच वेळ ते कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “एवढेच आहेत की हो.”

माणसाला परिस्थितीपेक्षा तिच्याविषयीची त्याची धारणा अधिक छळते, असे मानणाऱ्यांपैकी मी आहे. चौसष्ट जणांची भीती ‘सगळे’ या एका शब्दात दडली होती. पाच नावांचे मात्र वेळापत्रक मांडता येत होते. हे मी त्यांना समजावले असते तर त्यांनी वाद घातला असता. कागद पुढे करण्याचे मला सुचले, याचे समाधान मी लपवत नाही.

पुढचे काम व्यवहाराचे होते. प्रसूती लाभाच्या कायद्यात 2017 साली झालेल्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली, हे त्यांना ठाऊकच नव्हते. पण तान्ह्या बाळाची काळजी कायदा घेतो. आठ वर्षांच्या मुलासाठी किंवा सत्तरीच्या वडिलांसाठी बहुतेक खासगी नोकऱ्यांत मालकाच्या समजुतीवरच विसंबावे लागते. म्हणून मी सुचवले की मुभा मर्जीवर न ठेवता तिचा लेखी नियम करावा, तो पुरुषांनाही लागू असावा, आणि तीन महिने चालवून हजेरीऐवजी झालेल्या कामावरून तपासावा. यंत्रावरचे काम घरी नेता येत नाही, हे खरेच. तिथे पाळ्यांची अदलाबदल होऊ शकते. मागणाऱ्यांनाही मी सांगत असते की अडचणीबरोबरच आपले काम कसे आणि केव्हा पूर्ण होईल, याचा आराखडा घेऊन जावे. नुसती अडचण ऐकली की मालकाला आपण उपकार करतो आहोत असे वाटते, आणि उपकाराचा हिशेब तो मनात ठेवतोच.

ताईंनी राजीनामा मागे घेतला. जूनमध्ये ते गृहस्थ पुन्हा आले, तेव्हा तो कागद घडी घालून खिशात होता. त्यावर वेगळ्या शाईत सहावे नाव होते. वडिलांना डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा नेणारा पर्यवेक्षक वर्षभर रजा खर्चून बसला होता आणि एक शब्द बोलला नव्हता.

“हा मागेल, असं मला वाटलंच नव्हतं,” ते म्हणाले.