'डाउनटन अ‍ॅबी' संपली, आता त्याच काळातली जुनी ब्रिटिश मालिका कोणती पाहावी? तुमच्या आठवणीतली एखादी सांगाल का?

आनंदाने सांगते. 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स'. लंडन वीकेंड टेलिव्हिजनने १९७१ ते १९७५ या काळात तिची पाच पर्वं काढली, एकूण ६८ भाग. लंडनच्या बेलग्रेव्हिया भागातलं १६५, ईटन प्लेस हे घर. वर बेलामी कुटुंब राहतं, तळघरात त्यांच्या नोकरमंडळींचा कारभार चालतो. गोष्ट १९०३ मध्ये सुरू होते ती थेट १९३० मध्ये संपते. 'डाउनटन' मलाही आवडते, पण हिच्यावर माझा जीव आहे.

मी ती मूळ प्रसारणानंतर कितीतरी वर्षांनी पाहिली. लेस्टरला शिकत होते तेव्हा तिथल्या ग्रंथालयातून डीव्हीडी आणायचे. घरमालकीणबाई सोबत बसायच्या. त्यांनी तरुणपणी ती रविवारी रात्री टीव्हीवर पाहिली होती, आणि त्यांची आई लग्नाआधी अशाच एका घरात कामाला होती. वरच्या मजल्यावर कितीही मोठं भांडण रंगलेलं असो, बाईंची नजर ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मुलीवर. तिला सगळं ऐकू येतंय आणि चेहऱ्यावर काहीच दाखवायचं नाहीये, हे त्या मला दाखवून द्यायच्या. मग मलाही तशीच बघायची सवय लागली.

पहिल्याच भागात एक तरुण मुलगी नोकरी मागायला येते आणि सरळ पुढच्या दाराची घंटा वाजवते. बटलर हडसन तिला खालच्या दाराने यायला लावतो. पुढे घरची मालकीण लेडी मार्जरी तिची मुलाखत घेते. मुलगी नाव सांगते क्लेमन्स. हे काही मोलकरणीचं नाव नव्हे, तू आजपासून सारा, असं बाईसाहेब ठरवून टाकतात. आवाज चढत नाही, अपमान करायचा हेतूही नाही. एका माणसाचं नाव बदललं जातं आणि कामकाज पुढे चालू राहतं. या मालिकेत क्रौर्य दाखवायला खलनायक लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

याचं कारण मालिका ज्यांना सुचली त्यांच्यात आहे. जीन मार्श आणि आयलीन अ‍ॅटकिन्स या दोन अभिनेत्रींची ही कल्पना. जीनची आई मोलकरीण होती, आयलीनचे वडील एका मोठ्या घरात बटलरच्या हाताखाली होते. पटकथांची जबाबदारी होती आल्फ्रेड शॉनेसी यांच्याकडे, आणि ते वाढले होते वरच्या मजल्याच्या जगात. दोन्हीकडची माहिती घरातूनच आलेली. म्हणून खालच्या टेबलावर कोण कुठे बसणार, हडसनच्या आधी तोंड कोणी उघडायचं नाही, हे सगळं इतकं सहज येतं.

सातव्या एडवर्ड राजाच्या मेजवानीचा भाग तर कधीच विसरणार नाही. वर राजा जेवतोय. खाली स्वयंपाकीण मिसेस ब्रिजेस भांड्यांच्या गराड्यात. आणि नेमकी त्याच रात्री सारा पोटुशी अवस्थेत, कळा सुरू झालेल्या, दारात येते. मूल या घरच्या मुलाचं, जेम्सचं. वर आवाज जाता कामा नये म्हणून खाली जी धावपळ चालते, ती बघताना मी खुर्चीच्या कडेवर बसले होते.

(इथून पुढे कथानक उघड होतंय, नको असेल तर दोन परिच्छेद सोडा.)

लेडी मार्जरी १९१२ मध्ये टायटॅनिकवर जाते ती परत येत नाही. तिची खास सेविका मिस रॉबर्ट्स मात्र वाचते आणि बाईसाहेबांच्या दागिन्यांची पेटी घट्ट धरून घरी परतते. जहाज बुडण्याचं एकही दृश्य नाही. म्हातारी आणि तिच्या हातातली पेटी, बस्स. आयुष्यभर दुसऱ्याच्या वस्तू सांभाळणं हीच जिची ओळख, तिच्याकडे आता तेवढंच उरलंय.

आणि या घरातली मोलकरीण रोझ. ही भूमिका स्वतः जीन मार्शने केली आहे. रोझचा ऑस्ट्रेलियन वाग्दत्त वर ग्रेगरी पहिल्या महायुद्धात मारला जातो आणि तिच्या नावे १२०० पौंड ठेवून जातो. त्या काळी मोलकरणीसाठी ती स्वतंत्र आयुष्याची किल्लीच होती. जेम्स भल्याच्या हेतूने ते पैसे अमेरिकन शेअर्समध्ये गुंतवायला लावतो. १९२९ च्या पडझडीत सगळं जातं, जेम्स आत्महत्या करतो, आणि रोझ शेवटी बेलामींच्याच चाकरीत राहते. मला याचा राग आला, अजूनही येतो. पण हे गोड करून दाखवलं नाही याबद्दल लेखकांचे आभारच मानावेसे वाटतात. निष्ठेची किंमत कोणी मोजली, हे तिथे लख्ख दिसतं.

आता थोडं बघण्याविषयी. चित्रण बहुतेक स्टुडिओतलं आहे, रंगमंचावरच्या नाटकासारखं. 'डाउनटन'चं वैभव डोळ्यांत असेल तर सुरुवातीला भिंती पुठ्ठ्याच्या वाटतील. नाटकं बघत वाढलेल्या मराठी माणसाला ते दोन भागांत अंगवळणी पडतं. पहिल्या पर्वातले काही भाग कृष्णधवल आहेत, कारण त्या वेळी तंत्रज्ञांनी पगाराच्या वादातून रंगीत यंत्रसामग्रीवर काम करायला नकार दिला होता. ते वगळू नका, साराची ओळख तिथेच होते. माझ्या मते सर्वांत ताकदीचं पर्व चौथं, महायुद्धाचं. पण तिसरं पाहिल्याशिवाय ते पूर्ण पोहोचत नाही. बीबीसीने २०१० मध्ये याच घराची पुढची गोष्ट काढली आणि त्यातही रोझ जीन मार्शच आहे. ती मात्र हे ६८ भाग झाल्यावरच लावा.