कॅड शिकायला सुरुवात कुठून करावी? आधी ‘कुठनं मोजलास’ ते शिक

प्रश्न असा आहे: ‘डिप्लोमा झालाय, निपाणीजवळ राहतो. कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर, साधे पार्ट काढायला शिकतोय. व्हिडिओ बघत काढला की जमतं, व्हिडिओ बंद केला की काही सुचत नाही. कोणतं सॉफ्टवेअर धरू, किती महिने लागतील, बेळगावात क्लास लावू का?’

वयानं लहान दिसतोस म्हणून तू म्हणतो. व्हिडिओ बंद केल्यावर सुचत नाही, कारण कुठलं माप कुठून धरायचं हे व्हिडिओवाल्यानं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. तू फक्त त्याच्या मागं माऊस फिरवतोस. कमांड कुणालाही पंधरा दिवसांत येतात. माप कुठून धरायचं हे मला शिकायला 24 नग भंगारात घालावे लागले.

मी आयटीआय मशिनिस्ट. 2011 साली बेळगावच्या उद्यमबागेत एका जॉब शॉपमध्ये, म्हणजे दुसऱ्यांचे पार्ट करून देणाऱ्या कारखान्यात, होतो आणि संध्याकाळी कॅडच्या क्लासला जायचो. मालकांनी शॉपमध्ये नवा कॉम्प्युटर आणला आणि पोरगा क्लासला जातोय म्हणून मलाच त्याच्यापुढं बसवलं. पहिलं खरं काम आलं ते दोन बोल्टच्या फ्लँज हाउसिंगचं, म्हणजे प्लेटवर बोल्टनं आवळायच्या बेअरिंगच्या घराचं. 6205 बेअरिंग, म्हणजे शाफ्ट 25 मिलिमीटरचा, आणि बोअर, म्हणजे बेअरिंग बसायचं मधलं मोठं भोक, 52 चा. दोन्ही अंगांना एम10 बोल्टसाठी 11 ची भोकं, सेंटर टू सेंटर 100. कास्टिंग बिडाचं. मी स्केच काढलं: आधी डावं भोक, त्याच्यापासून 100 वर उजवं, आणि बोअरचं सेंटर डाव्या भोकापासून 50 वर. सगळ्या निळ्या रेषा काळ्या झाल्या, म्हणजे स्केच मापांनी पूर्ण बांधलं गेलं. क्लासमध्ये सरांचं वाक्य ठरलेलं होतं: डायमेन्शन कुठूनही द्या, काळं झालं की झालं.

चार दिवसांनी गिऱ्हाइकाचा फोन आला. त्याच्या प्लेटांना भोकं 104 वर पडली होती, तेवढं बदलून द्या म्हणाला. मी 100 वर डबल क्लिक केलं, 104 टाकलं, झालं. मॉडेल झटक्यात बदललं, कुठं लाल झालं नाही, एरर आली नाही. मालकांना बोलावून दाखवलंसुद्धा, कागदावर असतं तर अख्खं ड्रॉइंग परत काढावं लागलं असतं म्हणून. त्याच मॉडेलवरून पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना झाला, त्याच मॉडेलवरून व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा प्रोग्राम. बोअर गेजनं तपासले, 52 च्या वर तीस मायक्रॉनच्या आत, सगळे पास.

असेंब्लीला अण्णा होते. बैलहोंगलकडचे, घरात कन्नड, शॉपमध्ये आमच्याशी मराठी. समोरासमोर दोन प्लेटा, प्रत्येकीवर बाहेरच्या अंगानं एकेक हाउसिंग. अण्णांनी डाव्या हाउसिंगमधून शाफ्ट घातला आणि तो उजव्याच्या तोंडाशी जाऊन अडला. दुसरा कुणी असता तर त्यानं हातोडी घेतली असती. अण्णांनी शाफ्ट बाहेर ओढला, दोन्ही हाउसिंग उतरवली, फडक्यानं पुसली आणि व्हर्नियर लावला. बोल्टच्या भोकाच्या कडेपासून बोअरच्या कडेपर्यंत एका अंगाला 18.5. दुसऱ्या अंगाला 22.5. मग माझ्याकडं बघून एवढंच विचारलं, ‘येल्लिंद? कुठनं मोजलास?’

मला उत्तरच देता येईना. भोकं 104 वर गेली होती, बोअर मात्र डाव्या भोकापासून 50 वर तसाच बसून राहिला होता. मधोमध यायचा तर 52 पाहिजे होता. फरक दोन मिलिमीटरचा, सुटा नग हातात घेऊन कुणाच्या नजरेत येणार नाही. पण समोरासमोर लावताना एक हाउसिंग दुसऱ्याच्या उलट तोंडाचं होतं. एकाचे दोन डावीकडे, दुसऱ्याचे दोन उजवीकडे, मिळून चार. 11 च्या भोकात 10 चा बोल्ट, तिथं सरकवून सरकवणार किती? एक हाउसिंग अर्धं फिरवून बघितलं, तर ग्रीस निपल खाली गेला आणि शाफ्ट तरीही मधोमध येईना. 24 च्या 24 गेले.

माझं स्केच काळं होतं, एक रेषासुद्धा सुटी नव्हती. तरी चुकीचं होतं. बोअर हा त्या पार्टचा जीव, भोकं त्याच्या दोन्ही अंगांना सारखी असायला पाहिजेत, म्हणून ओरिजिन, म्हणजे मापांचा शून्य बिंदू, बोअरच्या सेंटरला आणि भोकं तिथून सिमेट्रिक. एवढं केलं असतं तर 104 काय, 120 केलं असतं तरी बोअर मधेच राहिला असता.

मालकांनी पगार कापला नाही. सहा महिने कॉम्प्युटरला हात मात्र लावू दिला नाही, ते जास्त लागलं. ‘कॉम्प्युटरनं घात केला’ असं ते येईल त्याला सांगायचे, आणि ते मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. कॉम्प्युटरनं मी सांगितलं तेच केलं.

मी एक नग पिशवीत घालून क्लासला गेलो, सरांच्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, हे आम्हाला का शिकवलं नाही? सर म्हणाले, ‘इथं कमांड शिकवतात. डिझाईन शिकायचं असेल तर इंजिनिअरिंगला जायचं होतं.’ पंधरा-वीस पोरं बसली होती. मी नग उचलला आणि परत त्या जिन्यावर पाय ठेवला नाही.

म्हणून तुझ्या उत्तरात हेही लिहून ठेवतो. माप कुठून धरायचं, याला डिझाईन म्हणत नाहीत. ती पहिली इयत्ता आहे. अण्णांची शाळा सातवीत सुटलेली, त्यांना ते कळत होतं, कारण त्यांनी पार्ट एकमेकांत बसवले होते. ज्या क्लासमध्ये दोन महिन्यांत एकदाही खरा पार्ट टेबलावर येत नाही, तिथं पैसे भरू नकोस.

आता तू काय करायचं. शेतातल्या मोटारीची जुनी कपलिंग मिळाली तर ती घे, नाहीतर भंगारवाल्याकडून एखादी पुली किंवा फ्लँज आण. 0.02 चा साधा व्हर्नियर पुरे. आधी कागदावर पेन्सिलनं हातानं काढ, पट्टी नको. तो पार्ट कशाला टेकतो आणि कशावर बसतो ते बघ, आणि सगळी मापं तिथून धर. गोल पार्टाला ओरिजिन मधोमध. बोल्टच्या भोकांपैकी सर्कलवर एकच काढ आणि पॅटर्न कमांडनं बाकीची त्याच्यावरून पाड, चार वेगळी काढू नकोस. आटे पाडायचे असतील तर एम10 ला ड्रिल 8.5, बोल्ट नुसता आरपार जायचा असेल तर 11. पोरं इथं 10 च काढून मोकळी होतात. फिलेट, म्हणजे कोपऱ्यांची गोलाई, सगळ्यात शेवटी. कास्टिंगचा पार्ट असेल तर, बीड थंड होताना आकसतं म्हणून, ओतकामाचा पॅटर्न करणारा साधारण एक टक्का वाढवून घेतो, तू तुझ्या मॉडेलमध्ये परत वाढवू नकोस.

पार्ट झाला की तो मोडायला बघ. एक मोठं माप दहानं बदल. काय हललं, काय हलायला नको होतं, ते कागदावरच्या चित्राशी ताडून बघ. मला ही सवय 2011 मध्ये असती तर तो बोअर पडद्यावरच सापडला असता. व्हिडिओत हे कुणी दाखवत नाही, कारण त्यात पार्ट दिसायला सुंदर होत नाही.

सॉफ्टवेअर म्हणशील तर घरी फ्रीकॅड टाक. फुकट आहे, आणि स्केच बांधायला अजून किती बाकी आहे याचा आकडा ते दाखवतं. पूर्ण बांधलं की हिरवं होतं. आधी त्यात मागचं स्केच बदललं की पुढचे फिलेट भलतीकडे उडायचे, नोव्हेंबर 2024 मध्ये 1.0 आलं तेव्हापासून तो त्रास बराच कमी झालाय. पुढं नोकरीत सॉलिडवर्क्स मिळो की आणखी काही, बटणांच्या जागा बदलतात, एवढंच. हत्तरगीला विमानाचे पार्ट करणाऱ्या कारखान्यांकडं जायचा विचार असेल तर थर्ड अँगल, म्हणजे पार्टाच्या बाजू ड्रॉइंगवर मांडायची अमेरिकन पद्धत, वाचायची सवय लाव. आपल्याला शाळेपासून फर्स्ट अँगल शिकवतात आणि अमेरिकन गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग हातात आलं की पोरं डावं-उजवं उलटं करून बसतात.

महिने विचारलेस. रोज तासभर हातात पार्ट घेऊन बसलास तर तीन महिन्यांत साधे पार्ट न बघता काढशील. शीट मेटल आणि असेंब्ली त्यात धरलेलं नाही.

आणि क्लासबद्दल जरा जास्तच कडक बोललो. सगळे तसे नसतात. घरी कॉम्प्युटर नसेल किंवा एकट्यानं बसणं होत नसेल तर लाव, पण पहिल्या दिवशी सरांना विचार, माप कुठून द्यायचं हे शिकवता का. कुठूनही द्या म्हणाले तर फी भरायच्या आधीच निघ.

कपलिंग काढलीस की इथं आधी कागदाचा फोटो टाक, मॉडेलचा नंतर. ओरिजिन कुठं धरलास तेवढं कागदावर लिही, मी बघतो.